एका विनंतीचा प्रवास : एमव्हीसी फ्रेमवर्क शिकताना

वेबसाइट बांधण्याचे एखादे फ्रेमवर्क, म्हणजे आयता सांगाडा, पहिल्यांदाच संगणकावर बसवणाऱ्याला पहिली अडचण येते ती योग्य जागा सापडण्याची. एक आज्ञा दिल्याबरोबर कितीतरी फोल्डर आणि फाइली समोर येतात, त्यांतल्या एकीतही आपण अक्षर लिहिलेले नसते, आणि तरीही ब्राउझरमध्ये एक नीटनेटके स्वागताचे पान उघडते. आता आपले स्वतःचे पहिले पान बनवायचे, तर कोणत्या फाइलीत काय लिहायचे हे कळत नाही. मॉडेल म्हणजे माहिती, व्ह्यू म्हणजे दिसणारे पान आणि कंट्रोलर म्हणजे या दोघांमधला दुवा, ही व्याख्या तोपर्यंत अनेक ठिकाणी वाचून पाठ झालेली असते. पण लिहायला बसल्यावर ‘ही ओळ कुठे ठेवू?’ या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. त्यासाठी, माझ्या मते, आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो : ही ओळ पुढे बदलावी लागलीच, तर ती कोणामुळे आणि कशामुळे बदलावी लागेल? मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची, म्हणजे एमव्हीसीची, सगळी रचना या प्रश्नाभोवती उभी आहे, आणि एक विनंती ब्राउझरमधून निघून परत ब्राउझरपर्यंत कशी पोहोचते हे एकदा पायरीपायरीने पाहिले, की ती रचना उलगडायला लागते.

उदाहरणासाठी एका ग्रंथालयाची वेबसाइट घेऊ. तिच्यावर पुस्तकांची यादी आहे, प्रत्येक पुस्तकाचे स्वतंत्र पान आहे, सभासदांची खाती आहेत आणि पुस्तक घरी नेल्याची नोंद करण्याची सोय आहे. एका सभासदाकडे एका वेळी ४ पेक्षा जास्त पुस्तके असू नयेत, असा ग्रंथालयाचा नियम आहे. हा नियम लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच्याकडे पुन्हा पुन्हा यावे लागणार आहे.

सगळे एकाच फाइलीत

फ्रेमवर्क नसतानाही वेबसाइट बनत होत्या आणि आजही बनतात. पीएचपी १९९५ साली लोकांसमोर आली, आणि पुढे ती इतकी पसरण्यामागे एक मोठे कारण हे होते, की पानाच्या एचटीएमएलमध्येच प्रोग्रामच्या ओळी लिहिता येत. फाइलीच्या सुरुवातीला डेटाबेसशी जोडणी करायची, त्याखाली एसक्यूएल (डेटाबेसशी बोलण्याची भाषा) लिहून पुस्तके मागवायची, लगेच पुढे तक्त्याचे एचटीएमएल आणि त्यातच चालणारा लूप, असा तो बाज होता. पाच पानांच्या वेबसाइटसाठी ही पद्धत पुरेशी असते आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. किंबहुना फ्रेमवर्क शिकण्याआधी एक छोटी वेबसाइट अशीच बनवून पाहावी, असे मी सुचवीन.

अडचण सुरू होते ती बदल करायच्या वेळी. ग्रंथालयाने पुस्तकांची मर्यादा ४ वरून ६ केली, असे समजा. पुस्तक देण्याच्या पानावर ही मर्यादा तपासलेली आहे. पुस्तक राखून ठेवण्याच्या पानावर ती वेगळ्या शब्दांत तपासलेली आहे. ग्रंथपालाच्या पानावर ‘मर्यादा पूर्ण’ असा लाल शिक्का दाखवण्यासाठी तीच संख्या तिसऱ्यांदा लिहिलेली आहे. यांपैकी एक जागा हमखास राहून जाते. याच्या उलट बाजूने, पानाची मांडणी बदलायला बसलेल्या माणसाला ज्या फाइलीत हात घालावा लागतो, त्याच फाइलीत डेटाबेसमधील नोंद पुसून टाकणारी ओळही असते. एका फाइलीला अनेक मालक आणि एका नियमाची अनेक घरे, असा हा दुहेरी गुंता असतो.

नाव जुने, अर्थ थोडा निराळा

या गुंत्यावरचे उत्तर वेबच्या आधीचे आहे. नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रीन्सकाउग १९७८–७९ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात पाहुणे संशोधक म्हणून काम करत होते. तेथे स्मॉलटॉक या भाषेवर काम चालू असताना त्यांनी ही कल्पना मांडली. मे १९७९ मधील त्यांच्या टिपणात थिंग, मॉडेल, व्ह्यू आणि एडिटर अशी चार नावे होती; डिसेंबर १९७९ पर्यंत ती मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर अशी स्थिरावली. वापरणाऱ्याच्या मनात कामाचे जे चित्र असते आणि संगणकाच्या आत माहितीची जी रचना असते, त्या दोहोंमधील अंतर मिटावे, हा त्यांचा मूळ हेतू होता.

हा इतिहास सांगण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. मूळच्या एमव्हीसीत कंट्रोलर म्हणजे कीबोर्ड आणि माऊस यांच्याकडून येणाऱ्या हालचाली हाताळणारा भाग होता, आणि मॉडेलमध्ये बदल झाला की त्याच्यावर नजर ठेवून असलेले व्ह्यू आपोआप नव्याने रंगवले जात. साध्या वेबपानावर असे आपोआप घडत नाही. ब्राउझर विनंती पाठवतो, सर्व्हर प्रतिसाद देतो आणि व्यवहार तिथेच संपतो. त्यानंतर डेटाबेसमध्ये काही बदलले, तरी सभासदाच्या पडद्यावर उघडे असलेले पान जसेच्या तसे राहते. त्यामुळे जुन्या लेखांतील आकृत्यांमध्ये मॉडेलकडून व्ह्यूकडे जाणारा बाण दिसतो आणि आपल्या फ्रेमवर्कमध्ये तो कुठेच सापडत नाही, तेव्हा आपले काही चुकले असे समजू नये. वेबवाल्यांनी तीन नावे आणि जबाबदाऱ्यांची विभागणी घेतली, आणि त्यांच्यातील दळणवळण मात्र विनंती-प्रतिसादाच्या पद्धतीला जुळवून घेतले.

वेबवरील ही परंपरा जावाच्या जगात आधी रुळली. स्ट्रट्स हे फ्रेमवर्क २००० साली आले. मात्र सर्वसामान्य वेबसाइट बनवणाऱ्यांपर्यंत ती पोहोचवली रुबी ऑन रेल्सने, जे डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प या सॉफ्टवेअरमधून वेगळे काढून २००४ मध्ये खुले केले. पायथनमधील जँगो अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कार्यालयात घडले आणि २००५ मध्ये बाहेर आले. मायक्रोसॉफ्टचे एएसपी डॉट नेट एमव्हीसी २००९ चे, तर पीएचपीमधील लारावेल २०११ चे. यांतील जँगोबद्दल एक सावधगिरी बाळगावी लागते : इतरांचा कंट्रोलर जे काम करतो, ते जँगोमध्ये व्ह्यू करतो, आणि इतर ज्याला व्ह्यू म्हणतात त्याला जँगो टेम्प्लेट म्हणतो. जँगो शिकणाऱ्याने लारावेलचा लेख वाचला तर त्याचा गोंधळ उडतो तो यामुळेच, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

विनंती दारातून आत येते

आता सभासदाने ४२ क्रमांकाच्या पुस्तकाच्या दुव्यावर क्लिक केले आहे. ब्राउझरने ‘पुस्तके/४२’ या पत्त्यासाठी गेट प्रकारची, म्हणजे पान मागणारी, विनंती पाठवली. पूर्वीच्या पद्धतीत अशा पत्त्यामागे त्याच नावाची एक खरीखुरी फाइल असे. फ्रेमवर्कमध्ये तशी फाइल कुठेच नसते, आणि हा नवशिक्याला बसणारा पहिला धक्का आहे. येथे सगळ्या विनंत्या एकाच दारातून आत येतात. लारावेलमध्ये हे दार म्हणजे पब्लिक या फोल्डरातील इंडेक्स फाइल असते. जगाला दिसावे ते फक्त हेच फोल्डर. वेबसाइट सर्व्हरवर चढवताना घाईत पूर्ण प्रकल्पाचे फोल्डर उघडे टाकले, तर डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलीत असतो ती फाइलही कोणालाही वाचता येऊ शकते, म्हणून हा तपशील वरवर किरकोळ वाटला तरी तो नीट समजून घ्यावा.

दारातून आत आल्यावर विनंती काही चाळण्यांमधून जाते, ज्यांना मिडलवेअर म्हणतात. सभासदाने लॉगिन केलेले आहे का, फॉर्मसोबत सुरक्षेचे टोकन आले आहे का, अशा गोष्टी तेथे तपासल्या जातात. त्यानंतर राउटर तिच्याकडे पाहतो. राउटर म्हणजे एक यादी : अमुक प्रकारची विनंती अमुक पत्त्यावर आली, तर अमुक कंट्रोलरचे अमुक फंक्शन चालवावे. बहुतेक फ्रेमवर्क ही यादी वरून खाली वाचतात आणि जुळणाऱ्या पहिल्या नियमावर थांबतात. म्हणून ‘पुस्तके/नवीन’ हा पत्ता ‘पुस्तके/कोणताही क्रमांक’ या नियमाच्या खाली लिहिला, तर ‘नवीन’ हा शब्दच क्रमांक समजला जातो आणि ‘असे पुस्तक सापडले नाही’ असे उत्तर येते. हा दोष शोधण्यात नवशिक्यांचा बराच वेळ जातो, कारण कंट्रोलर बरोबर असतो, व्ह्यू बरोबर असतो, आणि चूक ज्या फाइलीत असते ती फाइल कोणी उघडूनच पाहत नाही.

कंट्रोलरला ४२ हा क्रमांक मिळाला की त्याचे काम थोडक्यात आटोपावे. त्याने मॉडेलकडे ते पुस्तक मागावे, मिळाले नाही तर ४०४ (सापडले नाही) असे उत्तर द्यावे, मिळाले तर ते कोणत्या टेम्प्लेटकडे, म्हणजे व्ह्यूमधील पानाच्या साच्याकडे, सोपवायचे ते ठरवावे. टेम्प्लेटमधून एचटीएमएल तयार होते, ते २०० या स्थितिक्रमांकासह परत जाते, आणि सर्व्हर ही विनंती विसरून जातो. पुढची विनंती आली की दारापासून पुन्हा सगळे सुरू. सभासद कोण आहे हे प्रत्येक वेळी ओळखता यावे म्हणून ब्राउझर कुकी (ओळखीची छोटी चिठ्ठी) पाठवतो आणि तिच्या आधारे सेशनमधील, म्हणजे त्या सभासदासाठी सर्व्हरने जपून ठेवलेली, माहिती शोधली जाते. एरवी दोन विनंत्यांमध्ये सर्व्हरला आपली काहीही ओळख नसते.

मॉडेल : नियमांचे घर

मॉडेल म्हणजे डेटाबेसमधील टेबल, अशी समजूत फार लवकर घट्ट होते, कारण बहुतेक धड्यांची सुरुवात तिथून होते. ओआरएम नावाची सोय एका क्लासला एका टेबलशी जोडते, त्यामुळे टेबलमधील प्रत्येक नोंद प्रोग्राममध्ये एक ऑब्जेक्ट बनून येते आणि एसक्यूएल हाताने लिहिण्याची गरज कमी होते. येथे नावांचे संकेत पाळावे लागतात. रेल्स आणि लारावेल क्लासचे नाव इंग्रजी एकवचनात आणि टेबलचे अनेकवचनात धरतात. ‘बुक’ या क्लाससाठी ‘बुक्स’ हे टेबल आपोआप शोधले जाते, आणि रेल्सला तर ‘पर्सन’ चे ‘पीपल’ होते हेही ठाऊक असते. टेबलला मराठी शब्दाचे रोमन लिपीतील नाव दिले, तर फ्रेमवर्क त्यालाही इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय लावून भलतेच टेबल शोधू लागते. अशा वेळी टेबलचे नाव मॉडेलमध्ये स्पष्टपणे लिहून द्यावे, म्हणजे प्रश्न मिटतो.

पण मॉडेलचे खरे महत्त्व नियमांमध्ये आहे. आपला ४ पुस्तकांचा नियम घ्या. तो कंट्रोलरमध्ये लिहिणे सर्वात सोपे असते, कारण पुस्तक देण्याची विनंती तेथेच येते. आणि पहिल्या दिवशी त्यात काही वावगेही दिसत नाही. पुढे मोबाइल ॲपसाठी दुसरा कंट्रोलर लिहिला जातो, रात्री आपोआप चालणारी आणि रांगेतील राखीव पुस्तके पुढच्या सभासदाला देणारी एक प्रक्रिया लिहिली जाते, आणि या दोन्ही वाटांनी येणारी कामे कंट्रोलरमधील तपासणीला वळसा घालून निघून जातात. आता सुरुवातीचा प्रश्न विचारू : हा नियम कोणामुळे बदलेल? ग्रंथालयाच्या व्यवस्थापनामुळे. पानाचा रंग बदलल्याने किंवा पत्त्याची रचना बदलल्याने तो बदलणार नाही. म्हणून तो सभासदाच्या मॉडेलमध्ये असावा, आणि ‘या सभासदाला आणखी पुस्तक देता येईल का?’ असे विचारले की हो किंवा नाही असे उत्तर त्याच्याकडून मिळावे. मग कंट्रोलर, मोबाइल ॲपची वाट, रात्रीची प्रक्रिया आणि लाल शिक्का दाखवणारे पान हे सगळे एकाच ठिकाणी विचारतात.

येथे थोडे खोलात जायला हवे, कारण केवळ मॉडेलमध्ये तपासणी ठेवल्याने नियम पाळला जाईलच असे नाही. सभासदाकडे ३ पुस्तके आहेत आणि त्याच्या खात्यावर दोन वेगळ्या पुस्तकांसाठी दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या, अशी कल्पना करा. पहिल्या विनंतीने मोजले, ३ आले. तिची नोंद होण्याआधीच दुसरीने मोजले, तिलाही ३ आले. दोघींनी पुस्तक दिले आणि सभासदाकडे ५ पुस्तके झाली. प्रत्येक ओळ बरोबर असूनही नियम मोडला. यासाठी मोजणे आणि नोंद करणे ही दोन्ही कामे एका ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर सगळी होणाऱ्या किंवा एकही न होणाऱ्या कामांच्या गठ्ठ्यात) घालून त्या काळापुरती सभासदाची नोंद डेटाबेसमध्ये कुलूपबंद करावी लागते, म्हणजे दुसरी विनंती पहिली संपेपर्यंत थांबून राहते. फॉर्मवरील तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, मॉडेलमधील तपासणी नियमासाठी असते, आणि डेटाबेसमधील बंधने अशा अटीतटीच्या क्षणांसाठी असतात. एक आहे म्हणून दुसरी गाळता येत नाही.

ओआरएमची आणखी एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे, जी संगणकावर शिकताना कधी दिसत नाही आणि वेबसाइट खऱ्या वापरात आली की लगेच दिसते. यादीच्या पानावर १०० पुस्तके आणि प्रत्येकापुढे लेखकाचे नाव दाखवायचे आहे. पुस्तके मागवण्यासाठी १ क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) जाते; नंतर लूपमध्ये प्रत्येक पुस्तकाच्या लेखकाला हात लावला की त्याच्यासाठी स्वतंत्र क्वेरी जाते. एकूण १०१. कोडमध्ये मात्र एकच साधी ओळ दिसते, म्हणून संशय येत नाही. पुस्तके मागवतानाच ‘लेखकांसह आण’ असे सांगण्याची सोय बहुतेक फ्रेमवर्कमध्ये असते, आणि ती वापरली की १०१ च्या जागी एखाद-दोन क्वेरींत काम भागते. शिकत असताना प्रत्यक्ष कोणत्या क्वेरी जात आहेत हे दाखवणारी नोंदवही उघडी ठेवावी. ओआरएम एसक्यूएलपासून आपली सुटका करते हा गैरसमज ती नोंदवही पहिल्याच आठवड्यात दूर करते.

डेटाबेसची रचना बदलण्यासाठी मायग्रेशन नावाच्या फाइली असतात, ज्यांत ‘सभासदांच्या टेबलला अमुक रकाना जोड’ असा एकेक बदल क्रमाने लिहिलेला असतो. त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर आणि सर्व्हरवर तीच रचना पुन्हा उभी करता येते. एवढे कळले तरी सुरुवातीला पुरे. फक्त एकदा इतरांनी चालवलेले मायग्रेशन नंतर दुरुस्त करू नये, नवे लिहावे.

व्ह्यू : दाखवणे, आणि तेवढेच

टेम्प्लेटमध्ये लूप आणि अटी लिहिल्या म्हणून काही बिघडत नाही. पुस्तकांची यादी दाखवायची तर लूप लागणारच, आणि मर्यादा पूर्ण झाली असेल तर शिक्का दाखवायचा तर अट लागणारच. मात्र त्या अटीने मॉडेलने दिलेले उत्तर वाचावे. टेम्प्लेटमध्ये पुस्तके मोजून त्यांची ४ शी तुलना करू नये. जँगोच्या टेम्प्लेट भाषेत फंक्शनला थेट माहिती पुरवून ते चालवता येत नाही, आणि ही मर्यादा तिच्या निर्मात्यांनी जाणूनबुजून ठेवली आहे. पीएचपी किंवा रुबीमधील टेम्प्लेट इतकी कडक नसतात, त्यामुळे तेथे शिस्त आपली आपणच पाळावी लागते.

टेम्प्लेटचे एक काम न दिसणारे पण अत्यंत मोलाचे आहे. एखाद्या सभासदाने पुस्तकाच्या अभिप्रायात साध्या मजकुराऐवजी स्क्रिप्टचा तुकडा लिहून पाठवला आणि तो पानावर जसाच्या तसा उमटवला, तर ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये तो तुकडा चालतो. आजची प्रचलित फ्रेमवर्क टेम्प्लेटमधून छापल्या जाणाऱ्या मजकुरातील कोनी कंसासारखी चिन्हे आपोआप निरुपद्रवी रूपात बदलतात. ही सोय बंद करून मजकूर ‘कच्चा’ छापण्याचाही मार्ग असतो, आणि मांडणी बिघडलेली दिसली की तो वापरण्याचा मोह होतो. तो आवरावा, निदान ज्या मजकुराचा उगम वापरणाऱ्याकडे आहे त्याच्या बाबतीत तरी.

फॉर्म भरला जातो तेव्हा

पान दाखवणे हा सोपा प्रवास झाला. फ्रेमवर्कची खरी ओळख फॉर्मच्या प्रवासात होते. ग्रंथपाल नवे पुस्तक नोंदवतो. पहिल्या गेट विनंतीने रिकामा फॉर्म येतो, दुसऱ्या पोस्ट (माहिती पाठवणाऱ्या) विनंतीने भरलेला फॉर्म जातो, म्हणजे कंट्रोलरमध्ये दोन फंक्शने लागतात. त्यांच्या नावांतही एक सापळा आहे : रेल्समध्ये रिकामा फॉर्म दाखवणारे फंक्शन ‘न्यू’ आणि साठवणारे ‘क्रिएट’, तर लारावेलमध्ये रिकामा फॉर्म दाखवणारे ‘क्रिएट’ आणि साठवणारे ‘स्टोअर’. एका फ्रेमवर्ककडून दुसऱ्याकडे जाणाऱ्याला हे एकदा तरी नडतेच.

फॉर्मसोबत फ्रेमवर्क एक लपवलेले टोकन पाठवते. ग्रंथपालाने लॉगिन केलेले असताना त्याने दुसरीच एखादी घातकी वेबसाइट उघडली आणि तिने त्याच्या नकळत आपल्या सर्व्हरकडे फॉर्म पाठवला, तर कुकी सोबत गेल्यास ती विनंती खरी वाटू शकते. टोकन मात्र त्या वेबसाइटला ठाऊक नसते, म्हणून विनंती नाकारली जाते. फॉर्ममध्ये टोकन घालायला विसरले, तर लारावेल ४१९ आणि जँगो ४०३ हा क्रमांक दाखवते. नवशिक्यांना हा क्रमांक हमखास भेटतो, आणि तेव्हा टोकनची तपासणीच बंद करण्याचा सल्लाही कुठे ना कुठे वाचायला मिळतो. तो मानू नये.

माहिती तपासून झाली, पुस्तक साठवले, की कंट्रोलरने थेट पान न पाठवता ब्राउझरला दुसऱ्या पत्त्याकडे वळवावे. याला रीडायरेक्ट म्हणतात. तसे केले नाही आणि ग्रंथपालाने पान ताजे केले, तर ब्राउझर तीच पोस्ट विनंती पुन्हा पाठवू पाहतो आणि एकच पुस्तक दोनदा नोंदले जाते. ‘पुस्तक नोंदले’ हा संदेश मग पुढच्या पानावर कसा दिसतो? तो सेशनमध्ये एका विनंतीपुरता ठेवला जातो आणि दाखवल्यावर पुसला जातो. सर्व्हर प्रत्येक विनंतीनंतर सगळे विसरतो, हे एकदा मनात पक्के बसले की अशा सोयींमागील कारण वेगळे सांगावे लागत नाही.

फॉर्ममधून आलेली सगळी माहिती एका झटक्यात मॉडेलमध्ये भरण्याची सोय बहुतेक फ्रेमवर्कमध्ये असते, आणि तिच्याबाबत सावध राहावे. सभासदाच्या फॉर्ममध्ये फक्त नाव आणि पत्ता असला, तरी विनंती हाताने रचून तिच्यात ‘ग्रंथपाल : होय’ असा जादा रकाना घालणे मुळीच अवघड नाही. मार्च २०१२ मध्ये रेल्सवर चालणाऱ्या गिटहब या कोड ठेवण्याच्या वेबसाइटच्या बाबतीत याच जातीची त्रुटी उघड झाली होती : एका वापरकर्त्याने फॉर्ममध्ये जादा माहिती घालून रेल्सच्याच प्रकल्पात बदल नोंदवण्याचा अधिकार मिळवून दाखवला. त्यानंतर कोणते रकाने स्वीकारायचे हे कंट्रोलरमध्ये नावानिशी सांगण्याची पद्धत रेल्सने सक्तीची केली. जी माहिती ब्राउझरमधून येते ती आपल्याच फॉर्ममधून आली आहे, असे गृहीत धरता येत नाही.

शिकण्याचा क्रम

फ्रेमवर्क शिकताना अडणारी माणसे बहुधा फ्रेमवर्कमध्ये अडत नाहीत, त्याखालच्या गोष्टींत अडतात. गेट आणि पोस्ट यांतील फरक, कुकी म्हणजे काय, दोन टेबले जोडणारी एसक्यूएल क्वेरी, आणि ज्या भाषेत फ्रेमवर्क लिहिले आहे तिच्यातील क्लास आणि ऑब्जेक्ट, एवढी शिदोरी आधी बांधून घ्यावी. त्यानंतर कोणतेही फ्रेमवर्क न वापरता एक दिवस काढून आपलाच छोटा राउटर लिहावा : आलेला पत्ता वाचायचा, त्यावरून फंक्शन निवडायचे, त्या फंक्शनने एक टेम्प्लेट भरून परत द्यायचे. त्या फार तर पन्नास ओळी लिहिल्यावर मोठ्या फ्रेमवर्कमधील जादू बरीचशी ओसरते.

कोणते फ्रेमवर्क निवडावे याचा खल नवशिक्याने फार करू नये. येत असलेल्या भाषेतील प्रस्थापित फ्रेमवर्क घ्यावे आणि निदान एक वेबसाइट पूर्ण होईपर्यंत बदलू नये. एका आज्ञेत मॉडेल, कंट्रोलर आणि सगळी टेम्प्लेट तयार करून देणाऱ्या सोयी वाचण्यासाठी उत्तम असतात, सुरुवात करण्यासाठी वाईट. त्यांनी लिहिलेल्या फाइली आधी नीट वाचून, मग पुसून, हाताने पुन्हा लिहाव्यात. चूक दाखवणारा संदेश आला की त्याचे लांबलचक भेंडोळे पाहून घाबरू नये. त्यातील बहुतेक ओळी फ्रेमवर्कच्या आतल्या फाइलींच्या असतात, आणि आपण लिहिलेल्या फाइलीचे नाव जिथे प्रथम दिसते तिथून वाचायला सुरुवात करावी. जँगोच्या टेम्प्लेटमध्ये तर नाव चुकीचे लिहिले तरी संदेशच येत नाही, त्या जागी नुसते रिकामे राहते. म्हणून पान कोरे दिसले की आधी नावांची अक्षरे तपासावीत.

वेबसाइट थोडी मोठी झाली की काही ओळी तिन्ही ठिकाणी उपऱ्या वाटू लागतात. पुस्तक दिल्यावर सभासदाला ईमेल पाठवायचा आहे, वर्षभराचा अहवाल काढायचा आहे, बाहेरच्या सेवेशी बोलायचे आहे. अशा कामांसाठी वेगळे क्लास लिहावेत. मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर या तिघांतच सगळे कोंबले पाहिजे असा कोणाचा आग्रह नाही. ब्राउझरमध्ये चालणारी रिॲक्टसारखी साधने वापरली तर पान रंगवण्याचे बहुतेक काम ब्राउझरकडे जाते आणि सर्व्हर फक्त जेसन (माहिती देवाणघेवाणीचे एक मजकुरी रूप) स्वरूपात माहिती पुरवतो, पण तेव्हाही राउटर, कंट्रोलर आणि मॉडेल आपापल्या जागी असतात. टेम्प्लेटची जागा जेसनने घेतलेली असते.

आपली विभागणी कितपत जमली हे तपासण्यासाठी हीच गोष्ट परीक्षेसारखी वापरता येते. ग्रंथालयाची वेबसाइट एचटीएमएलमध्ये पूर्ण झाली, की पुस्तक देण्याची सोय जेसनमधूनही उपलब्ध करून पाहावी. त्यासाठी राउटरच्या यादीत नवा नियम (राउट) लागेल, चार-पाच ओळींचा नवा कंट्रोलर लागेल, आणि मॉडेलला हात लावावा लागू नये. हे करताना जुन्या कंट्रोलरमधील किंवा टेम्प्लेटमधील जी ओळ उचलून नव्या फाइलीत जशीच्या तशी चिकटवावीशी वाटेल, ती ओळ बहुधा आधीच चुकीच्या जागी होती. ती मॉडेलमध्ये हलवावी आणि पुढे जावे.